पदराआडचा गळा

विसोरा, वडसा
फेब्रुवारी १९५८

प्रिय नूरी,

तुझी धाकटी बहीण सुरय्या माझ्याकडे आहे, सुखरूप आहे, पोटभर जेवते आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पुढचं वाचताना तू मला शिव्याही देशील आणि तिची काळजीही करशील, आणि दोन्ही एकदम नकोत. गुणवंतराव मास्तरांचा निरोप तुला पोचलाच असेल, की कमळीनं भर गावात नाटक मंडळाचं नाक कापलं आणि पोरगी पळवली. नाक कापलं हे खरं. पळवली हे साफ खोटं. दिवसाढवळ्या, अख्खं कुरूड गाव बघत असताना, तिचा हात धरून चालत आणली. आता ती आमच्याकडे राहते की मास्तरांच्या घरी परत जाते, ते तुझ्या एका शब्दावर आहे, कारण इनायतचाचा गेल्यापासून तिचं बरंवाईट तूच ठरवतेस. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसून शिकलीस, माझं अक्षर तुला लागतं.

मी तुझ्यावर रागावले आहे, नूरी. मास्तरांवर आहे त्याहून जास्त. ते काय, परकं माणूस, आपलं काम साधून घेणार. पण तू? चाचांची मय्यत होऊन महिना झाला नाही तोच तू पोरीचा हात त्यांच्या हातात दिलास आणि वर म्हणालीस, ‘मास्तरांचे उपकार आहेत आपल्यावर, सुरय्याचंही ते सोनं करतील.’ तुझं कसलं सोनं केलं ते सांग ना. मी दिवाळीनंतर चांद्याला तुझ्याकडे आले होते, आठवतं? तुझा लेक रडत होता. तू त्याला मांडीवर घेतलंस, थोपटलंस, झुलवलंस. पण ओठ मिटलेले. साधी अंगाईसुद्धा गुणगुणली नाहीस. ज्या पोरीच्या आवाजासाठी बैलगाड्या जोडून दहा गावचे लोक यायचे, ती आपल्या लेकाला मुक्यानं निजवत होती. आणि भिंतीवर मात्र मास्तरांचा हार घातलेला फोटो! तो फोटो तिथंच आपटून फोडावा असं वाटलं मला. तुझे मियाँ घरात होते म्हणून हात आवरला.

आठव आपण किती खुळ्या होतो. तुझ्या अब्बांच्या दुकानात, स्टेशनच्या अलीकडे, नादुरुस्त पेट्यांचा ढीग असायचा. चाचा पेटीचा सूर जुळवायला बसायचे आणि तू बाजूला बसून ती जो सूर काढेल तो तोंडानं काढायचीस, पेटीच्याही आधी. मी आईबरोबर वडशाच्या बाजाराला आले की तांदूळ विकून होईपर्यंत तुमच्या दुकानात असायची. तिथंच मास्तरांनी आपल्याला ऐकलं. केवढं मोठं माणूस! राणीचं सोंग घ्यावं तर गुणवंतरावांनीच, असं साऱ्या झाडीपट्टीत म्हणायचे. लुगडं नेसून, कुंकू लावून ते उभे राहिले की बायाच त्यांच्या चालीकडे बघून आपला पदर सावरायच्या. त्यांनी आपल्याला घरी बोलावलं, पाटावर बसवलं, हातात नारळ दिला, ‘आजपासून तुम्ही माझ्या लेकी’ म्हणाले. तुझे अब्बा रडले होते त्या दिवशी.

त्यांचा गळा वर चढायचा बंद झालाय, हे आपल्याला पहिल्या थंडीतच कळलं. खालचे सूर अजून मधासारखे होते, पण तारसप्तकात गेले की आवाज चिरायचा. म्हणून आपण. विंगेत देवदाराचं खोकं, त्यावर दुपटं, त्यावर तू, तुला लागून मी, आणि बाजूला पेटीवर दादाजी. मास्तर पद सुरू करणार, आणि वरची जागा आली की लाजल्यासारखा पदर ओठांवर ओढणार. तो पदर वर गेला की तू सुरू करायचंस. पदर खाली आला की थांबायचंस. लोक त्या पदरावर जीव टाकायचे. ‘काय अदा हाय बाप्पा मास्तराची!’ म्हणायचे. वन्समोअर घ्यायचे, आणि बिल्ले लागायचे मास्तरांच्या छातीवर. आपण खोक्यावर बसून त्याचाही आनंद मानायचो. मला तर वाटायचं, राणीच्या पोटात शिरून आपणच बसलोय.

पुढं कधी उभं करणार, असं तू एकदा विचारलंस. एकदाच. मास्तर किती गोड बोलले होते! चांगल्या घरच्या पोरी लोकांपुढं उभ्या राहत नाहीत, विंगेतच अब्रू आहे. आणि मग हळूच, तुला एकटीला, की मुसलमानाच्या पोरीच्या गळ्यातून राणी सीतेचं पद आलं तर गाव ऐकून घेईल का? तू मान खाली घालून आलीस. मी भांडायला निघाले तर तूच माझा हात धरलास. आता दुसरी मंडळं नागपूरहून बाया आणतात, नावं छापतात, लोक तुडुंब येतात, कोणाची अब्रू गेली नाही. मास्तर त्यालाही नाकं मुरडतात. स्वतः विंगेतल्या पोरीच्या श्वासावर जगायचं आणि दुसऱ्यांना नावं ठेवायची! नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

पण खरा राग याचाही नाही. राग शिकवणीचा आहे. नागपूरच्या एका गायन-शिक्षिका गेल्या साली वडशाला पाहुण्या आल्या होत्या, त्यांच्यापुढं मी गायले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खर्ज किती वर्षं केला? मी विचारलं, म्हणजे काय? त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. नूरी, गाणं शिकणारी कोणतीही पोर आधी पहाटे उठून खालचा सा लावते, वर्षानुवर्षं लावते, गळ्याचा पाया भरते, मग वर चढते. सगळीकडे हेच शिकवतात. आणि आपल्याला? दहा वर्षांच्या होतो तेव्हा पहिल्या दिवसापासून काळी पाच, पेटीची ती उंच पट्टी. वरचा सा, वरचा ग, वरचा प, आणि तोही ओरडून, कारण कर्णा नाही आणि मैदान मोठं. त्यांना आपल्या खालच्या सुरांची गरजच नव्हती. खालचे त्यांच्याजवळ होते. जेवढं त्यांचं मोडलं होतं तेवढंच आपल्याला शिकवलं. त्यांना कुठं गायिका हव्या होत्या? फुटलेल्या घागरीला लावायला लाख हवी होती.

तुझा गळा सतराव्या वर्षी गेला. त्या सालचं शेवटचं नाटक, सकाळी तू पाणी मागितलंस आणि आवाजच आला नाही, नुसती हवा. मग काय काय ऐकलं आपण! नजर लागली. चिंचा खाल्ल्या असतील. मोहाचा वास लागला. चाचांनी दर्ग्यावर चादर चढवली, माझ्या आईनं मीठ-मिरच्या उतरवल्या, आणि मास्तर तुला भेटायला आले, डोळे पुसले आणि जाताना दारातच मला म्हणाले, ‘कमळे, पुढच्या साली तू तयार राहाशीन.’ दारातच, नूरी. तू आत पडली होतीस. हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं, कारण तू आजारी होतीस, मग तुझं लग्न होतं, मग तुझं बाळंतपण होतं. आता सांगते. तुझ्या गळ्याला ना नजर लागली ना चिंच बाधली. तो मास्तरांनी खाल्ला. उपकार कसले मानतेस?

माझा कसा वाचला म्हणशील. माझ्या शहाणपणानं नाही. मास्तरांनी बजावलं होतं, रोवण्याला जायचं नाही, चिखलात बायांबरोबर गाऊन आवाज जाडा होतो. पण आमच्या बांधीत धान रोवायला माणसं कमी, आई म्हणाली, ‘मास्तर येनार हाये का रोवाले?’ आणि मी दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून बायांबरोबर गायची. वाकल्यावर वरचा सूर निघतच नाही. पोटातून, खाली, संथ गावं लागतं, दिवसभर. त्या नागपूरच्या बाईंनी हे ऐकलं आणि हसल्या, म्हणाल्या, पोरी, हाच तुझा खर्ज. तू वडशातली, तुमची शेती नाही. तुला ते मिळालं नाही. बस, तुझ्यामाझ्यात फरक एवढाच.

म्हणून सुरय्याला तू मास्तरांच्या घरी ठेवलंस हे कळलं तेव्हा मी धावत गेले. बारा वर्षांची पोर, अंगानं चिमणी, आणि आवाज तुझ्यापेक्षाही लख्ख. मी मास्तरांना म्हटलं, मी गातेय ना तुमचं, मी गाईन, हिला खर्ज शिकवा, दोन वर्षं खोक्यावर बसवू नका. पाया पडून सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. कुरूडच्या शंकरपटापर्यंत मी निर्धास्त होते.

आता कुरूडचं ऐक, मास्तर जे सांगतील त्याच्या आधी. तिथं बैलांच्या शर्यतीचा पट होता, आणि रात्री आमचं नाटक. दुपारी बैलांच्या जोड्या धावल्या, शेवटच्या दोन जोड्यांच्या निकालावर भांडण पेटलं, त्यात पाटलाची जोडी. पाटील येऊन बसल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, ही तिथली रीत. पाटील रुसून बसलेले, गाव समजूत काढतंय, आणि आम्ही रंग लावून ताटकळतोय. नाटक सुरू व्हायलाच इतका उशीर झाला की दुसरं कोणी असतं तर मधली दोन-तीन पदं गाळून मोकळं झालं असतं. दादाजीनं सुचवलंही. पण मास्तर आपलं एक पद सोडतील तर शपथ! सगळी गायली, वन्समोअर घेत गायली. माझा घसा कोरडा पडला. राणी वनात निघते ती शेवटची भैरवी आली तेव्हा पूर्वेकडे तांबडं फुटलं होतं, आणि मास्तर विंगेत येऊन म्हणाले, ‘कमळे, तू थकली, ऊठ. सुरय्या बसन.’ मी नाही म्हटलं. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि पोरीला खोक्यावर बसवलं. ती हसत बसली. तिला वाटलं बक्षीसच मिळालं.

‘नको वळून पाहू राया, वाट उजाडली,’ तू शंभरदा गायलेली ओळ. मास्तरांनी खालची अर्धी म्हटली, पदर ओठांवर नेला, आणि सुरय्यानं वरचा सूर लावला. नूरी, काय लागला तो! मी रागात असूनही माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मला तिची मान दिसत होती. दोरीसारख्या ताणलेल्या शिरा, तोंड लालभडक, बसल्या जागी पायाचे अंगठे आवळलेले. तू अशीच बसायचीस. तुला स्वतःला ते कधी दिसलं नाही, मी रोज बघायची.

आणि तेवढ्यात सूर्य वर आला, थेट समोरून. ग्यासबत्त्यांत जो पदर भरजरी दिसायचा तो उन्हात जाळीसारखा झाला. पावडरखालची दाढीची निळाई दिसली, आणि पदराआड मास्तरांचे गच्च मिटलेले ओठ दिसले. सूर वर वर जातोय आणि ओठ मिटलेले! पुढं बसलेली एक म्हातारी, रुखमाबाई नावाची, एकदम उभी राहून ओरडली, ‘अवं, मास्तराचं तोंड तं बंद हाय! मंग गाऊन कोन राह्यलं?’ लोक हसले, मग कुजबुजले, मग मागून कोणी शीळ घातली. मास्तरांनी पदर खाली टाकला. ठरल्याप्रमाणे सुरय्यानं थांबायला हवं होतं. पण ती डोळे मिटून गात होती, तिला कुठला पदर आणि कुठलं काय! मास्तर दात खाऊन विंगेकडे बघत पुटपुटले, ‘बंद कर वं, बंद कर.’ मी तिला बंद नाही केलं. मी विंगेच्या पडद्याची दोरी ओढली.

सगळ्या गावाला दिसलं. देवदाराचं खोकं, त्यावर फाटक्या सलवारीतली एवढीशी पोर, आणि तिच्या तोंडातून निघणारी राणीची भैरवी. मी तिचा हात धरून तिला पुढं आणलं. तिनं डोळे उघडले आणि समोर एवढी माणसं बघून तिचा सूर तुटला. मी दादाजीला म्हटलं, काळी पाच नको, काळी दोन द्या. दादाजी तीस वर्षं मास्तरांचं मीठ खातोय. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेटीवरची बोटं खाली आणली. मग आम्ही दोघींनी ती भैरवी पहिल्यापासून म्हटली, खालून, सावकाश, रोवण्यात गातात तशी. सगळे खूश झाले असं मी म्हणणार नाही. पाटील उठून गेले. कोणी ढेकूळ फेकलं, ते माझ्या खांद्याला लागलं, अजून दुखतं. कोणी विचारलं, पोट्टी कोनाची? दादाजी म्हणाला, इनायत पेटीवाल्याची. मला वाटलं आता दुसरं ढेकूळ येतं. तर मागून एक म्हातारा म्हणाला, ‘आमच्या देवळातली पेटी त्यानंच तं सुधरवली होती. गाऊ द्या तिले.’ आणि जे बसले होते ते शेवटपर्यंत बसले. मास्तरांनी इतकी वर्षं ज्या गावाची भीती तुला घातली, ते गाव हे.

नंतर मास्तर मला म्हणाले, ‘कमळे, तू माही इज्जत घेतली.’ लुगडं तसंच नेसलेलं, कुंकू घामानं ओघळलेलं, डोळ्यांत पाणी. खरंच सांगते, क्षणभर मला दया आली. त्यांचं गाणं संपलंय आणि ते त्यांना सहन होत नाही, एवढंच ते दुःख आहे, आणि ते खोटं नाही. पण म्हणून काय पोरींच्या माना मुरगळायच्या? मी म्हटलं, तुमची इज्जत तुम्हाला परत दिली मास्तर, आमचा गळा घेऊन चालले. आणि सुरय्याला घेऊन निघाले. वाटेत तिनं मला विचारलं, ‘कमळाआपा, मैं अच्छा गाई ना? नूरीआपाले सांगशीन ना?’ सांगितलं बघ.

आता आई म्हणते, ‘पोट्टी त्याहीची हाय. बहिनीनं म्हटलं तं आपल्याले ठेवता येत नाई.’ बरोबर आहे तिचं. आणि काल दादाजी येऊन सांगून गेला, मास्तर सोमवारच्या छोट्या गाडीनं चांद्याला तुझ्याकडे यायला निघणार आहेत, मिठाई घेऊन, तुझा शब्द घ्यायला. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून इतक्या घाईनं लिहिते आहे. ते तुझ्या दारात रडतील. तीस वर्षं राणी होऊन रडलेत, त्यांच्याइतकं चांगलं कोणाला रडता येतं? लेक म्हणतील, चाचांची आठवण काढतील, आणि तू विरघळशील, मी तुला ओळखते. तू त्यांच्याशी भांडू नकोस, ते तुला जमणार नाही. माझं नावही काढू नकोस. चहा कर, बसव. लेकाला मांडीवर घे. आणि मग त्यांच्यासमोर ती भैरवी गा. काळी पाचमध्ये, त्यांनी शिकवली तशीच, जेवढा गळा उरला असेल तेवढ्यानं. हवा येऊ दे, खरखर येऊ दे, जिथं फाटेल तिथं फाटू दे, पण थांबू नकोस, आणि तोंडावर पदर घेऊ नकोस. तुझं गाणं गेल्यापासून त्यांनी तुला एकदाही ऐकलेलं नाही, आणि तूही स्वतःला ऐकलेलं नाहीस. दोघांनी एकदा ऐका. ऐकून झाल्यावर त्यांनी सुरय्याला मागितलं, आणि तुझ्याच्यानं ‘हो’ म्हणवलं, तर मी तिला स्वतः आणून पोचवीन.

तुझीच,
कमळा